‘आशियाई बायकांना हा त्रास कमी असतो म्हणे, मग मला का?’ : लघवीवरचा ताबा आणि वंशाचे आकडे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. वय 46. दोन नॉर्मल डिलिव्हऱ्या. शिंक आली किंवा जोराने खोकलं की थोडी लघवी निसटते. हे दुसऱ्या बाळंतपणापासूनचं. गेल्या वर्षभरात त्यात नवी भर पडली आहे. दाराशी येऊन किल्ली हातात घेतली की एकदम जोराची लागते आणि बाथरूम गाठेपर्यंत कपडे ओले होतात. तुम्ही अमेरिकेत राहता. तिथल्या संशोधनात आशियाई स्त्रियांमध्ये हा त्रास सगळ्यांत कमी दिसतो, असं तुमच्या वाचनात आलं. क्लिनिकच्या फॉर्मवर वंशाच्या रकान्यात ‘आशियाई’वर खूण करताना तुम्हाला दोन शंका आल्या. माझ्यातच काही वेगळं बिघडलंय का? आणि ती खूण बघून डॉक्टर उपचार बदलणार का?

मी स्त्रियांच्या मूत्राशयाच्या आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या तक्रारींवर बरीच वर्षं काम करते आहे. माझ्याकडे गोऱ्या, आफ्रिकन-अमेरिकन, मेक्सिकन, चिनी, फिलिपिनो, भारतीय, सोमाली अशा सगळ्या बायका येतात. दुसऱ्या शंकेचं उत्तर आधी देते: त्या खुणेवरून तुमचा उपचार ठरू नये, आणि चांगले डॉक्टर तो तसा ठरवत नाहीत. पहिल्या शंकेला मात्र जरा वेळ द्यावा लागेल, कारण तुम्ही वाचलेले आकडे खोटे नाहीत.

उत्तर कॅलिफोर्नियातल्या कायझर पर्मनंटे या आरोग्य योजनेच्या सभासद असलेल्या 40 ते 69 वयाच्या 2,109 स्त्रियांचा एक अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून किमान एकदा लघवी निसटते असं सांगणाऱ्या स्त्रिया हिस्पॅनिक (मेक्सिकोसारख्या स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत मूळ असलेल्या) गटात 36 टक्के होत्या, गोऱ्यांमध्ये 30, आफ्रिकन-अमेरिकनांमध्ये 25 आणि आशियाई-अमेरिकनांमध्ये 19 टक्के. हा अभ्यास मला उपयोगी वाटतो तो एका साध्या कारणासाठी. या सगळ्याजणी एकाच आरोग्य योजनेत होत्या. ‘अमुक गटाकडे विमाच नव्हता म्हणून फरक दिसला’ ही शंका त्यामुळे बरीच कमी होते.

दुसरा अभ्यास आग्नेय मिशिगनमधला, 2008 सालचा. त्यात 35 ते 64 वयाच्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या स्त्रियांना फोनवर प्रश्न विचारले होते. गोऱ्या स्त्रियांपैकी 33.1 टक्क्यांना त्रास होता, कृष्णवर्णीयांपैकी 14.6 टक्क्यांना. निम्म्याहूनही कमी. पण त्याच अभ्यासाचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्यांना त्रास होता त्यांच्यापैकी फक्त खोकला-शिंकेने निसटणाऱ्या गोऱ्या स्त्रिया 39.2 टक्के होत्या आणि कृष्णवर्णीय 25 टक्के. फक्त घाईने निसटणाऱ्यांमध्ये चित्र उलटं होतं: कृष्णवर्णीय 23.8 टक्के, गोऱ्या 11 टक्के.

म्हणजे ‘किती जणींना’ यापेक्षा ‘कोणत्या प्रकारचा’ हा प्रश्न मोठा आहे. लघवी निसटण्याचे मुख्य प्रकार दोन. खोकणं, शिंकणं, हसणं, उडी मारणं, वजन उचलणं यांनी पोटातला दाब वाढतो आणि मूत्रमार्गाची पकड त्या क्षणी कमी पडते, तो दाबाचा प्रकार. मूत्राशयाचा स्नायू वेळेआधीच आकुंचन पावतो, अनावर घाई होते आणि थांबवता येत नाही, तो घाईचा प्रकार. दोन्ही असले की मिश्र. तुमचं वर्णन सरळसरळ मिश्र आहे. कुलपात किल्ली घालताना लागणं, वाहत्या पाण्याचा आवाज ऐकून लागणं ही घाईच्या प्रकाराची इतकी ठरावीक लक्षणं आहेत की ती ऐकल्यावर मला फार विचार करावा लागत नाही.

हे दोन प्रकार वेगळे काढून कायझरचे आकडे पाहिले की उलगडा होतो. दाबाचा प्रकार हिस्पॅनिक स्त्रियांमध्ये 18 टक्के आणि गोऱ्यांमध्ये 15. कृष्णवर्णीय आणि आशियाई दोन्ही गटांत 8. बाळंतपणं, वजन वगैरे गोष्टींचा हिशोब धरल्यावरही कृष्णवर्णीय आणि आशियाई स्त्रियांमध्ये दाबाचा प्रकार गोऱ्यांपेक्षा कमीच राहिला. घाईच्या प्रकारात मात्र असा हिशोब केल्यावर गटागटांत ठळक फरक उरला नाही. तेव्हा ‘आशियाई स्त्रियांना हा त्रास कमी’ हे वाक्य अर्धंच आहे. दाबाचा प्रकार कमी दिसतो इतपत म्हणता येईल. घाईच्या बाबतीत आशियाई असल्याने कसलं संरक्षण मिळतं, असं म्हणायला आधार नाही. आणि तुम्हाला सध्या जास्त छळतोय तो नेमका घाईचाच प्रकार.

आता आकडे इतके मागेपुढे का होतात? मुख्य कारण प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत आहे. अमेरिकेत पाळी जाण्याच्या वयातल्या स्त्रियांचा ‘स्वान’ नावाचा मोठा अभ्यास 1990 च्या दशकात सुरू झाला. त्यात गोऱ्या, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, चिनी आणि जपानी अशा पाच गटांतल्या स्त्रिया घेतल्या होत्या. सुरुवातीलाच जवळपास 57 टक्के जणींनी ‘कधी ना कधी निसटते’ असं सांगितलं. मध्यम किंवा तीव्र त्रास मात्र साधारण पाव हिश्श्यालाच होता. ‘कधीतरी’ विचारलं की निम्म्याहून जास्त हात वर होतात, ‘दर आठवड्याला’ विचारलं की तेच हात खाली येतात. त्यामुळे दोन अभ्यासांतले टक्के शेजारी ठेवण्याआधी प्रश्न काय होता ते बघावं. हिस्पॅनिक स्त्रियांबाबत तर अभ्यासांचं एकमतच नाही; कुठे त्या सगळ्यांत वर दिसतात, कुठे खाली.

आणि ‘आशियाई’ हा रकाना! टोकियोतून आलेली, मनिलातून आलेली आणि तुम्ही, तिघी त्या एकाच चौकटीत. बाळंतपणं किती, वजन किती, मधुमेह किती, काम कसलं, यांत तिघींचं काहीही जुळत नसेल. माझ्या मते ‘आशियाई’ म्हणून छापलेल्या टक्केवारीवर भारतीय स्त्रीने स्वतःबद्दल कोणताही निष्कर्ष काढू नये, दिलासादायकही नाही आणि घाबरवणाराही नाही.

फरक आहे तर तो येतो कुठून? शरीररचनेचा थोडा वाटा असावा. मिशिगनमध्येच, मूल न झालेल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या स्त्रियांच्या मूत्रमार्गाची पकड मोजली गेली. स्नायू पूर्ण जोराने आवळल्यावर मूत्रमार्ग बंद ठेवणारा दाब कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये सरासरी 29 टक्क्यांनी जास्त भरला, तर निवांत असताना 14 टक्क्यांनी. दाबाचा प्रकार त्यांच्यात कमी का, याचा एक धागा इथे सापडतो. पण प्रत्येक गटात वीसपेक्षाही कमी स्त्रिया होत्या आणि हे सरासरीचे आकडे आहेत. पकड सैल असलेल्या कृष्णवर्णीय पेशंट आणि मजबूत पकडीच्या गोऱ्या पेशंट मला नेहमीच भेटतात. तपासणीच्या टेबलावर कातडीचा रंग बघून मूत्रमार्गाचा दाब ओळखणारी डॉक्टर अजून जन्माला यायची आहे.

शरीररचनेपेक्षा जास्त वजन इतर गोष्टींचं पडतं, आणि त्या कोणत्याही वंशाच्या बाईला लागू असतात. नॉर्वेतल्या 65 वर्षांखालच्या 15,307 स्त्रियांचा अभ्यास 2003 मध्ये आला. मूल न झालेल्यांत 10.1 टक्के, फक्त सिझेरियन झालेल्यांत 15.9 टक्के आणि फक्त योनीमार्गे बाळंतपण झालेल्यांत 21 टक्के स्त्रियांना त्रास होता. इथे वंशाचा प्रश्नच नव्हता, तरी फरक दुपटीचा. (यावरून सिझेरियन करून घ्यावं असा अर्थ काढू नका, त्या ऑपरेशनचे धोके वेगळे आणि खरे आहेत.) वय, वजन, मधुमेह, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, गर्भाशय काढलेलं असणं, आईला-बहिणीला हाच त्रास असणं, सगळं यात येतं.

या गोष्टी समाजात सारख्या वाटलेल्या नसतात, आणि वंशाच्या आकड्यांचा बराचसा भाग मला इथे दिसतो. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये रक्तदाबाचं प्रमाण जास्त आहे. म्हणजे लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही जास्त. सकाळी गोळी घेऊन बस चालवायला जायचं आणि तीन-चार तास उतरायला मिळायचं नाही, अशा बाईला घाईचा त्रास झाला तर तो वंशाचा की वेळापत्रकाचा? भारतीय वंशाच्या लोकांमध्ये मधुमेह तुलनेने कमी वजनावरही होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 2004 मध्ये आशियाई लोकांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) 23 आणि 27.5 हे सावध होण्याचे टप्पे म्हणून सुचवले, ते याचसाठी. वाढलेली साखर लघवीचं प्रमाण वाढवते, जंतुसंसर्गाला वाट देते आणि पुढे मूत्राशयाच्या नसांवरही परिणाम करते. त्यामुळे तुमच्या वंशाचा मला काही उपयोग असलाच तर एवढाच: ‘तुम्ही बारीक आहात, मधुमेह कशाला असेल’ असं न म्हणता मी तुमची साखर तपासेन.

औषधांबद्दलची एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. रक्तदाबाच्या रामिप्रिल, लिसिनोप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा खोकला लागतो. हा खोकला पूर्व आशियाई आणि कृष्णवर्णीय लोकांमध्ये गोऱ्यांपेक्षा जास्त आढळतो. आता दाबाचा प्रकार असलेली बाई दिवसभर खोकत राहिली तर काय होणार? रक्तदाबाची गोळी बदलल्यावर पॅड सुटलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटेच बाहेर टाकतात, त्यांनी लघवी वाढते. तुम्ही यातलं काही घेत असाल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका. लिहून दिलेल्या डॉक्टरांना सांगा. बहुतेक वेळा पर्याय असतो.

आता वंशाचा आणि पार्श्वभूमीचा खरा, मोठा परिणाम जिथे होतो त्या मुद्द्याकडे येते. तो आहे कोण बोलतं, कुणाला विचारलं जातं आणि कुणाचा डॉक्टरांवर विश्वास बसतो, यात.

त्रास असलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून जास्त जणी डॉक्टरांकडे तो विषय काढतच नाहीत, हे सगळ्या गटांत दिसतं. न काढण्याची कारणं मात्र वेगवेगळी. नेदरलँड्समधल्या मोरोक्कन आणि तुर्की वंशाच्या स्त्रियांशी बोलून केलेला एक अभ्यास 2006 मध्ये आला. त्यांच्यासाठी ओल्या कपड्यांपेक्षा मोठी अडचण होती नमाजची. लघवीचा थेंब आला की वुजू, म्हणजे नमाजाआधी धुऊन केलेली शुद्धी, तुटतो, पुन्हा हातपाय धुवावे लागतात, दिवसातून पाच वेळा ही धास्ती. त्यांना तपासायला डॉक्टर बाई हवी होती, आणि स्नायूंचे व्यायाम नीट समजावून कुणी सांगितले नव्हते. माझ्याकडच्या सोमाली बायकांकडूनही हेच ऐकते. फॉर्मवर त्या ‘त्रास किती: थोडा’ अशी खूण करतात, कारण प्रमाण थेंबभरच असतं. पण त्या थेंबापायी दिवसाची सगळी घडी विस्कटलेली असते. अशा पेशंटला मी प्रमाण विचारत नाही; ‘यामुळे काय करायचं सोडलंत?’ असं विचारते. तुम्हालाही हाच प्रश्न आहे. प्रवास, व्यायाम, नाच, मोठ्याने हसणं, यातलं काय सोडलंत? उपचार किती पुढे न्यायचे ते त्या उत्तरावर ठरतं, टक्केवारीवर नाही.

आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांच्या अविश्वासाला तर इतिहास आहे, आणि तो नेमका लघवी गळण्याचाच इतिहास आहे. अलाबामातल्या माँटगोमेरीत जे. मॅरियन सिम्स या सर्जनने 1845 ते 1849 या काळात मूत्राशय आणि योनी यांमधलं छिद्र शिवण्याची शस्त्रक्रिया बसवली. अडलेल्या बाळंतपणात असं छिद्र पडतं आणि लघवी सतत वाहत राहते. ज्यांच्यावर त्याने हे प्रयोग केले त्या गुलाम स्त्रिया होत्या. अनार्का, बेट्सी आणि लुसी ही तिघींची नावं नोंदली गेली आहेत. एकट्या अनार्कावर सुमारे तीस शस्त्रक्रिया झाल्या, त्याही भूल न देता. त्यांची संमती घेण्याचा प्रश्नच कायद्यात नव्हता. सिम्सला पुढे ‘आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक’ म्हटलं गेलं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा 2018 मध्ये हटवला गेला, आणि 2021 मध्ये माँटगोमेरीत या तिघींचं स्मारक उभं राहिलं. एखादी कृष्णवर्णीय पेशंट ‘ऑपरेशन’ शब्द ऐकून खुर्चीत मागे सरकली तर तिला अडाणी समजणाऱ्या डॉक्टरांनी हे आधी वाचावं, असं माझं मत आहे.

आणि ‘कृष्णवर्णीयांमध्ये हा त्रास कमी’ या आकड्याचा दुरुपयोग इथेच होतो. प्रमाण कमी म्हणून विचारायचं नाही. विचारलं नाही म्हणून नोंद नाही. नोंद नाही म्हणून प्रमाण आणखी कमी. आशियाई स्त्रियांचंही तसंच. तुमच्या डॉक्टरांनी वार्षिक तपासणीत हा प्रश्न विचारलाच नसेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. उपचारांच्या बहुतेक मोठ्या चाचण्यांतही गोऱ्या स्त्रियांचीच भरती जास्त झालेली आहे.

वैद्यकशास्त्रात वंश हा ‘कारण’ म्हणून सूत्रांत घालायची सवय हळूहळू सुटते आहे. मूत्रपिंडाची क्षमता मोजण्याच्या अमेरिकेतल्या सूत्रातून वंशाचा गुणक 2021 मध्ये काढला गेला. आधी सिझेरियन झालेल्या बाईला पुढचं बाळंतपण नॉर्मल होईल का, याचा अंदाज देणारं एक गणकयंत्र होतं. त्यात कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक अशी खूण केली की यशाची शक्यता आपोआप घसरायची. तेही त्याच वर्षी बदललं. लघवी निसटण्याच्या तक्रारीसाठी असं कोणतं सूत्र वापरात असल्याचं माझ्या माहितीत नाही. तेव्हा फॉर्मवरच्या त्या खुणेची काळजी सोडा.

आतापर्यंतचं दोन ओळींत: वंशानुसार फरक दिसतो, पण तो मुख्यतः दाबाच्या प्रकारात. घाईच्या प्रकारात तुमचं वय, साखर, औषधं आणि सवयी जास्त बोलतात. तुमच्यात काही जगावेगळं बिघडलेलं नाही.

मग करायचं काय? आधी तीन दिवसांची डायरी. किती वाजता काय आणि किती प्यायलात, किती वाजता लघवीला गेलात, मापून किती झाली, कधी निसटली आणि तेव्हा काय करत होतात. कंटाळवाणं काम आहे, पण महागड्या तपासण्यांपेक्षा मला त्यातून जास्त कळतं. ‘खबरदारी म्हणून’ दर तासाला जाणाऱ्या बायका डायरीत लगेच ओळखू येतात. त्यांच्या मूत्राशयाला थोडक्यावरच हाक मारायची सवय लागलेली असते. पाणी तोडणाऱ्याही ओळखू येतात. पाणी कमी केल्याने लघवी दाट होऊन घाई उलट वाढू शकते. चहा-कॉफी किती, हेही तिथेच दिसतं. सोबत लघवीची साधी तपासणी, साखर, आणि लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती शिल्लक राहते ते सोनोग्राफीवर. सुरुवातीला बहुतेकींना एवढं पुरतं.

उपचारात माझा भर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामावर असतो. अर्नोल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरांनी 1948 मध्ये ते मांडले, म्हणून केगल व्यायाम. कॉक्रेन या संस्थेने 2018 मध्ये अशा चाचण्या एकत्र तपासल्या. दाबाचा प्रकार असलेल्या, व्यायाम करणाऱ्या स्त्रियांपैकी 56 टक्क्यांनी त्रास गेल्याचं सांगितलं. न करणाऱ्यांपैकी 6 टक्क्यांनी. गोळीचा असा निकाल लागला असता तर तिची जाहिरात रोज दिसली असती. अट एकच: योग्य स्नायू आवळले जायला हवेत. अनेकजणी पोट किंवा मांड्या आवळतात, श्वास रोखतात, काहीजणी तर चक्क खाली जोर देतात, ज्याने त्रास वाढतोच. वारा सरताना आपण जसं आवरून धरतो, तसं आत आणि वर ओढायचं आहे. एका वेळी किमान आठ वेळा, दिवसातून तीनदा, आणि हे तीन महिने. तीन आठवड्यांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देणाऱ्याच जास्त. पेल्विक फिजिओथेरपिस्टकडून (हेच स्नायू शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून) एकदा आतून तपासून घेतलंत तर मेहनत वाया जात नाही. आतून तपासणी नको असेल तर तसं स्पष्ट सांगा. बाहेरून किंवा सोनोग्राफीवर पाहूनही शिकवता येतं.

दाबाच्या प्रकारासाठी एक युक्ती लगेच उपयोगी पडते. शिंक येणार असं जाणवलं की शिंकेच्या आधी क्षणभर ते स्नायू आवळायचे आणि शिंकून होईपर्यंत धरून ठेवायचे. मिशिगनच्या संशोधकांनी 1998 मध्ये हे मोजून दाखवलं: आठवडाभराच्या सरावानेही खोकताना निसटणारी लघवी बरीच कमी झाली.

घाईसाठी मूत्राशयाला नवी सवय लावायची. दाराशी जोराची लागली की धावू नका. धावल्याने पोटावर दाब येतो आणि मूत्राशयाची तक्रार खरी ठरते. तिथेच उभ्या राहा, स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळा-सोडा, मन दुसरीकडे न्या, लाट ओसरली की मग चालत जा. पहिले काही दिवस फजिती होईल, तेव्हा पॅड लावून सराव करा. एरवी दोन फेऱ्यांमधलं अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत तीन-चार तासांवर आणायचं.

वजन जास्त असेल तर ते उतरवण्याचाही थेट फायदा आहे. 338 स्थूल स्त्रियांच्या एका अमेरिकन चाचणीत (2009) सहा महिन्यांत सरासरी 8 टक्के वजन उतरवणाऱ्या गटात लघवी निसटण्याचे प्रसंग 47 टक्क्यांनी घटले. नुसती माहिती दिलेल्या गटात 28 टक्क्यांनी. वजन जास्त नसेल तर हा परिच्छेद तुमच्यासाठी नाही. उगाच उपाशी राहू नका.

औषधं घाईच्या प्रकारासाठी आहेत. ऑक्सिब्युटिनिन, सोलिफेनासिन या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, आणि उतारवयात स्मरणशक्तीवर परिणाम होण्याची काळजी असते. मिराबेग्रॉनमध्ये ती अडचण नाही, पण रक्तदाब पाहावा लागतो. पाळी जाताना कोरडेपणा असेल तर योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमने घाई कमी होऊ शकते. पोटात घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्या मात्र या कारणासाठी घेऊ नयेत. अमेरिकेतल्या हजारो स्त्रियांच्या मोठ्या चाचणीत त्यांनी त्रास उलट वाढलेला दिसला. दाबाच्या प्रकारासाठी मूत्रमार्गाखाली पट्टी बसवण्याचं ऑपरेशन आहे, ते चांगलं चालतं. पण सगळ्या जाळ्या आणि पट्ट्या एकच नसतात: अंग बाहेर येण्याच्या त्रासावर योनीमार्गे बसवायच्या जाळीची विक्री अमेरिकेत 2019 मध्ये थांबवली गेली, आणि ब्रिटनमध्ये 2018 पासून पट्टीच्या वापरावरही कडक बंधनं आहेत. तुमच्यासारख्या मिश्र प्रकारात मी आधी घाई ताब्यात आणते, मग ऑपरेशनचा विषय काढते, कारण नुसत्या पट्टीने घाई जाईलच असं नाही.

डॉक्टरांकडे जाताना वंशाबद्दल काही बोलायची गरज नाही. ‘दोन्ही प्रकारे निसटते, घाईचा त्रास जास्त, अमुक गोष्ट करायची सोडली आहे’ एवढं पहिल्याच वाक्यात सांगा आणि डायरी टेबलावर ठेवा. ‘या वयात होतंच’ असं उत्तर मिळालं तर पेल्विक फिजिओथेरपिस्टकडे किंवा युरोगायनॅकॉलॉजिस्टकडे (स्त्रियांच्या मूत्राशयाच्या आणि ओटीपोटाच्या तक्रारींच्या तज्ज्ञाकडे) चिठ्ठी मागा. मराठीत बोलणं सोपं जात असेल तर दुभाषाही मागता येतो. नवऱ्याला किंवा मुलीला दुभाषा करू नका. त्यांच्यासमोर निम्म्या गोष्टी सांगायच्या राहतात.

काही लक्षणांत मात्र डायरी-व्यायामात वेळ घालवायचा नाही. लघवीत रक्त, जळजळीसोबत ताप, किंवा बाळंतपण, ऑपरेशन वा रेडिएशननंतर दिवसरात्र सतत गळणं असेल तर लवकर दाखवा. सतत गळण्यात छिद्र आहे का ते आधी पाहावं लागतं. तिथे व्यायामाचा उपयोग नाही. कंबर दुखून पायात अचानक अशक्तपणा आला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला आणि लघवी कळेनाशी झाली किंवा तुंबली, तर त्याच दिवशी, त्याच तासाला इमर्जन्सीत जा.